यूएसजीएस: भूकंप, नद्या, नकाशे, सगळं फुकटात, आणि चुकाही उघड्यावर

आधी निकाल सांगून टाकतो, पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा कापलाय तो वेबसाईटच्या मांडणीसाठी, त्यावर पुढे बोलतोच, पण मालाबद्दल तक्रार नाही.

यूएसजीएस म्हणजे युनायटेड स्टेट्स जिऑलॉजिकल सर्व्हे, अमेरिकन सरकारची १८७९ सालची संस्था, इंटिरिअर खात्याखाली येते. नाव जिऑलॉजीचं असलं तरी खडक, भूकंप, ज्वालामुखी, नद्या, भूजल, पक्षी, वटवाघळं, सॅटेलाईटची चित्रं असा सगळा संसार आहे. आणि ह्यांच्याकडे कोणाला दंड करायचा अधिकार नाही, मोजायचं आणि जे दिसलं ते सांगायचं एवढंच काम. आपल्या बे एरियातल्या (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या) लोकांना ही संस्था फक्त हादरा बसला की आठवते, मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "जाणवला का??" चा पाऊस पडतो आणि मग कोणीतरी यूएसजीएसचा स्क्रीनशॉट टाकतो, संपलं. बाकीचं दुकान कोणी बघतच नाही म्हणून हा रिव्ह्यू.

तर भूकंपापासून सुरुवात करू कारण गिऱ्हाईक तिथेच जास्त. भूकंपाचा नकाशा उघडायला लॉगिन नाही काही नाही, कॅलिफोर्नियातला हादरा काही मिनिटांत तिथे दिसतो. आता ग्रुपवरची नेहमीची तक्रार, "आधी ४.४ म्हणाले, आता ४.२ म्हणतायत, ह्यांचं ह्यांना तरी कळतं का?" अहो, हेच तर ह्या सर्व्हिसमधलं सगळ्यात भारी आहे! पहिला आकडा कॉम्प्युटर काढतो, जवळच्या मोजक्या स्टेशनवरून, आणि नोंदीवर तसं स्वच्छ लिहिलेलं असतं की हे ऑटोमॅटिक आहे. मग माणूस बसतो, जास्त स्टेशनचा डेटा येतो, आकडा बदलतो आणि तिथे रिव्ह्यूड असं येतं. ज्याचा आकडा कधीच बदलत नाही त्याच्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही, तो एकतर परत बघत नसणार नाहीतर बघून गप्प बसत असणार.

आणि चुका झाल्या तर त्याही झाकत नाहीत. २०१७ च्या जूनमधला किस्सा माहितीये का, सांता बार्बराला ६.८ चा भूकंप झाल्याचा अलर्ट लोकांच्या मेलमध्ये येऊन पडला, लॉस एंजेलिस टाइम्सच्या ऑटोमॅटिक प्रोग्रामने बातमी पण छापून टाकली, आणि भूकंप निघाला १९२५ चा! कोणी संशोधक त्या जुन्या भूकंपाचं केंद्र नकाशावर नीट जागी बसवत होते, ती दुरुस्ती सिस्टीमला नवा भूकंप वाटली, वर तारीख लागली २०२५ ची, म्हणजे आठ वर्षं पुढची. डिसेंबर २०२५ मध्ये तर नेवाडात ५.९ चा भूकंप म्हणून लोकांचे फोन वाजले आणि जमीन हललीच नव्हती. दोन्ही वेळेला थोड्याच वेळात जाहीर सांगितलं की असा भूकंप झालेला नाही, नोंद काढली. ह्यासाठी स्टार कापायचा का? मी नाही कापला.

"डिड यू फील इट" नावाचा फॉर्म आहे तो प्लीज भरत जा. ग्रुपवर "आमच्याकडे फॅन हलला" लिहून शास्त्राला काडीचा उपयोग नाही, फॉर्ममध्ये लिहिलं तर आहे. प्रश्न साधे आहेत, झोपला होतात का, उभं राहायला त्रास झाला का, टांगलेल्या वस्तू हलल्या का, भिंतीवरच्या फ्रेम वाकड्या झाल्या का, फळीवरच्या वस्तू पडल्या का. त्यावरून तुमच्या भागात तीव्रता किती होती ते रोमन आकड्यात निघतं आणि नकाशावर रंग चढतो. आणि गंमत म्हणजे "मला काहीच जाणवलं नाही" हे उत्तर पण तितकंच कामाचं असतं, ते मात्र कोणी भरत नाही. हा फॉर्म भारतातून पण भरता येतो, इंग्रजी नाहीतर स्पॅनिश, मराठी नाही.

आता शेकअलर्ट, म्हणजे फोनवर येणारी भूकंपाची सूचना. लोकांना वाटतं भूकंपाचं भाकीत येतं. भाकीत नाही हो, भूकंप सुरू झालेला असतो, फक्त तुमच्यापर्यंत पोचायचा असतो. जमिनीत आधी एक वेगवान पण हलकी लाट निघते आणि मागून हळू येणारी दणका देणारी लाट, पहिली लाट चार-पाच स्टेशनला पकडली की मेसेज सुटतो आणि मेसेज लाटेपेक्षा कितीतरी जोरात पळतो. १९८९ चा लोमा प्रिएटाचा ६.९ चा भूकंप घ्या, केंद्र सांताक्रूझच्या डोंगरात, सॅन फ्रान्सिस्को तिथून साधारण ९०-१०० किलोमीटर, अशा अंतराला काही सेकंद मिळतात, टेबलाखाली शिरायला तेवढे पुरतात. पण केंद्राच्या अगदी डोक्यावर राहणाऱ्याला काहीच मिळत नाही, आधी दणका, मग मेसेज. कॅलिफोर्नियात २०१९ च्या ऑक्टोबरपासून हे सगळ्यांना मिळतंय, मायशेक नावाचं अ‍ॅप घ्या, ते बर्कली युनिव्हर्सिटीचं आहे पण अलर्ट शेकअलर्टचाच. लोकेशन कायम चालू ठेवावं लागतं, बॅटरीची कुरकुर करणाऱ्यांनी स्वतःचं बघावं.

फ्रीमाँट-हेवर्डवाल्यांनी तर घ्यावंच. हेवर्ड फॉल्ट म्हणजे जमिनीतली मोठी भेग आपल्या पायाखालून जाते, शेवटचा मोठा भूकंप १८६८ चा, आणि बे एरियात २०१४ ते २०४३ मध्ये ६.७ किंवा त्यावरचा एक तरी भूकंप व्हायची शक्यता ह्याच यूएसजीएसने ७२ टक्के काढलीये. हा फॉल्ट भूकंप नसतानाही वर्षाला काही मिलिमीटर सरकत असतो. हेवर्ड गावात एका कोपऱ्यावर फुटपाथची कड त्यामुळे तुटून दोन तुकडे बाजूला बाजूला सरकत चालले होते, जिऑलॉजीवाले कित्येक दशकं तिथे येऊन फोटो काढायचे, किती सरकलं ते मोजायचे. २०१६ मध्ये शहराने रस्त्याची कामं काढली आणि ती कड उखडून छानपैकी नवीन रॅम्प करून दिला. बिचारे शास्त्रज्ञ! कार्यतत्पर नगरपालिका काय करू शकते ते आपल्याला नवीन नाही म्हणा.

भारतातल्या जुन्या भूकंपांसाठी पण ह्यांचा कॅटलॉग चांगला आहे, पण एक लक्षात ठेवा, वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते. किल्लारी शोधायला गेलात आणि ३० सप्टेंबर १९९३ टाकलंत तर हाती काही लागणार नाही, तो २९ सप्टेंबर म्हणून नोंदलाय, कारण आपल्याकडे पहाटेचे चार वाजत आले होते तेव्हा यूटीसीत आदल्या रात्रीचे साडेदहा वाजत होते. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक नुकते झोपले होते ती रात्र, तारखेवरून वाद घालणारे पण भेटतात, दोघंही बरोबर. कोयनेचंही तसंच, ११ डिसेंबर १९६७ ची पहाट तिकडे १० डिसेंबरला सापडते. पण छोट्या हादऱ्यांसाठी इथे येऊ नका. अमेरिकेबाहेरचे साधारण साडेचारच्या खालचे भूकंप यूएसजीएस सहसा दाखवत नाही, त्यामुळे डहाणू-तलासरीला २०१८ च्या नोव्हेंबरपासून जे हादरे सुरू झाले त्यातले जवळजवळ सगळे इथे दिसणारच नाहीत. त्यासाठी आपलं दिल्लीचं नॅशनल सेंटर फॉर सिस्मॉलॉजी बघायचं. मेलवर अलर्ट घेणार असाल तर यूएसजीएसच्या नोटिफिकेशन सर्व्हिसमध्ये आपला भाग निवडता येतो, आणि दिवसासाठी वेगळी आणि रात्रीसाठी वेगळी मर्यादा लावता येते, म्हणजे ३ च्या भूकंपासाठी झोपमोड नको, ५ चा असेल तर उठवा.

बरं आता पाणी. माझ्या मते हा ह्यांचा सगळ्यात चांगला माल आणि सगळ्यात कमी खपणारा. देशभर ११ हजारांहून जास्त ठिकाणी नदीवर गेज, म्हणजे पाणी मोजायची यंत्रं बसवलीत, आणि प्रत्येकाचं पान आहे, पाणी किती फूट, किती क्युसेक. क्युसेक म्हटल्यावर आपल्या माणसाला वेगळं समजवायला नको, कोयनेतून इतका विसर्ग, खडकवासल्यातून इतका विसर्ग, पावसाळाभर टीव्हीवर तेच चालू असतं. पहिला गेज १८८९ साली न्यू मेक्सिकोत रिओ ग्रांदे नदीवर एम्बुडो नावाच्या गावाजवळ सुरू झाला. आमच्या इथला अलामेडा क्रीक, ज्याच्या कडेच्या ट्रेलवर निम्मं फ्रीमाँट संध्याकाळी चालायला असतं, त्याच्या नाइल्सच्या गेजची नोंद १८९१ पासूनची आहे.

ह्याचा रोजचा उपयोग काय विचाराल तर आई-बाबा आले की योसेमिटी नॅशनल पार्क ठरलेलं असतं, आणि कोणीतरी त्यांना ऑगस्टअखेर घेऊन जातं आणि मग "अगं धबधबा कुठाय" सुरू. जायच्या आधी मर्सेड नदीचा हॅपी आयल्सचा गेज बघा, व्हर्नल आणि नेवाडा हे दोन्ही धबधबे ह्याच नदीवर, गेजच्या वरच्या अंगाला आहेत. मे महिन्यातला ग्राफ तर नुसता बघत बसावा असा असतो, करवतीच्या दातासारखा, रोज एक दात. दिवसा उन्हाने वरचा बर्फ वितळतो, ते पाणी डोंगरावरून खाली पोचेपर्यंत रात्र होते, त्यामुळे नदीला सगळ्यात जास्त पाणी मध्यरात्रीच्या आसपास, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ओसरतं. दुपारी उड्या मारत ओलांडलेला ओढा रात्री का चढतो ते त्या रेघेत दिसतं. ढगाळ दिवस आला की दात बोथट. आणि दात कमी होत होत रेघ सपाट झाली की समजायचं बर्फ संपला, आता धबधबा बघायला जाण्यात अर्थ नाही, कॅम्पिंगला जा.

इथेही तोच प्रामाणिकपणा. ताजे आकडे सगळे प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरते म्हणून येतात, तपासणी झाली की अप्रूव्हड. कारण गेज खरं तर फक्त पाण्याची उंची मोजतो, बहुतेक ठिकाणी दर १५ मिनिटांनी, आणि सॅटेलाईटवरून पाठवतो. किती क्युसेक वाहतंय हे त्या उंचीवरून तक्ता लावून काढतात, आणि पूर आला की नदीचा तळ खरवडला जातो किंवा गाळ भरतो, तक्ता चुकायला लागतो. म्हणून दर काही आठवड्यांनी माणूस प्रत्यक्ष जातो, बोटीतून नाहीतर पुलावरून वाहतं पाणी मोजतो आणि तक्ता सुधारतो. २०२६ च्या जगात हे काम अजून माणूस नदीवर जाऊन करतो ह्याचं मला फार बरं वाटतं. वॉटरअलर्ट म्हणून सोय आहे, अमुक गेजला पाणी अमुक फुटाच्या वर गेलं की मेल किंवा मेसेज, नदीकाठी घर असेल तर हे लावून ठेवा.

कमी गुणांची बाजू, हे गेज एकट्या यूएसजीएसच्या पैशावर चालत नाहीत, राज्यं, जिल्हे, पाणीपुरवठावाले पैसे घालतात, कोणी हात आखडता घेतला की गेज बंद पडतो. शंभर वर्षांची नोंद एकदा तुटली की तुटली, मधली वर्षं नंतर कोणी भरून देणार नाही. आणि २०२६ च्या बजेटच्या प्रस्तावात ह्यांचा जीवसृष्टीवाला अख्खा विभागच काढून टाकायचं लिहिलं होतं, ते वाचून डोकं फिरलं होतं.

वेबसाईटबद्दल बोलतो म्हणालो होतो. एक साईट नाहीये, पन्नास साईटी आहेत. भूकंपाची वेगळी, पाण्याची वेगळी, नकाशांच्या दोन-तीन, सॅटेलाईटच्या चार, प्रत्येकीचं तोंड वेगळीकडे. मधूनच एखादं जुनं पान बंद होऊन त्याजागी डॅशबोर्ड येतो आणि जुन्या बुकमार्कवाल्यांची बोंब. सर्चमध्ये धबधबा टाकला तर एखादा १९७० चा रिपोर्ट पहिला येईल अशी तऱ्हा. ज्यांना स्विगीची सवय आहे त्यांनी थोडा दम धरावा.

नकाशांसाठी टोपोव्ह्यू उघडा. १८८४ पासूनचे जुने टोपो (जमिनीचा चढउतार दाखवणारे) नकाशे स्कॅन करून ठेवलेत, लाखाच्या वर, सगळे फुकट डाऊनलोड. आमचं फ्रीमाँट १९५६ मध्ये पाच गावं एकत्र करून झालं, जुन्या नकाशावर ती गावं सुटी सुटी दिसतात, सेंटरव्हिल, आयर्विंग्टन, वॉर्म स्प्रिंग्ज, आणि मध्ये हिरव्या ठिपक्यांच्या रांगा म्हणजे फळबागा, ज्या जागी आता आपले टाउनहाऊस आहेत. फेडरल सरकारचं काम म्हणून कॉपीराईट नाही, छापा, विका, टीशर्टवर घाला, कोणी विचारत नाही. आपल्याकडे सर्व्हे ऑफ इंडिया १७६७ ची, म्हणजे यूएसजीएसपेक्षा शंभरहून जास्त वर्षांनी मोठी, पण नकाशा म्हटलं की गुपित हीच वृत्ती फार वर्षं होती. २०१७ मध्ये आधार नंबरवर रोज तीन नकाशे द्यायला लागले, २०२१ मध्ये नियम बरेच सैल झाले. उशिरा का होईना.

लँडसॅट, म्हणजे सॅटेलाईटची चित्रं, हा भाग भारतात बसलेल्यांसाठी पण तितकाच कामाचा आहे. नासा सॅटेलाईट सोडते, चित्रं सांभाळून वाटायचं काम यूएसजीएसचं, साऊथ डकोटातल्या सू फॉल्सजवळ त्यांचं सेंटर आहे. १९७२ पासूनची चित्रं, अख्ख्या जगाची. एके काळी एका चित्राला ६०० डॉलर पडायचे, त्याआधी तर हजारोंत, २००८ मध्ये सगळं फुकट केलं आणि मग जगभरचे विद्यार्थी, पाणलोटवाले, शेतीवाले तुटून पडले. त्यासाठी अर्थएक्सप्लोरर ह्या साईटवर खातं काढावं लागतं, चित्रं कशाला हवीत वगैरे प्रश्न विचारतात, पैसे मागत नाहीत. चित्राचा पत्ता पाथ आणि रो अशा दोन नंबरांनी असतो, पुण्यासाठी पाथ १४७, रो ४७ टाका, पण लँडसॅट १ ते ३ ला हे नंबर वेगळे, तिथे गोंधळू नका. उजनीचं बघा, धरण १९८० चं, त्याच्या आधीच्या चित्रात भीमा नुसती बारीक रेघ आणि नंतरच्या चित्रात ते पसरलेलं काळंनिळं पाणी. पळसदेवचं देऊळ ज्या पाण्यात जातं तेच हे पाणी. माझ्या वडिलांना हे दाखवलं तर ते चष्मा पुसून पुसून स्क्रीनमध्ये गाव शोधत बसले.

अडचणी पण ऐका. एक ठिपका म्हणजे ३० मीटर, त्यामुळे "माझं घर दिसेल का" तर नाही दिसणार, तुमचा बांध पण नाही दिसणार, शेततळं मोठं असेल तर एखादा ठिपका. पावसाळ्यात ढगांमुळे जून ते सप्टेंबर कोकण म्हणजे पांढरा कापूस. पूर्ण फाईल एक जीबीच्या आसपास, गावच्या नेटवर विसरा. २००३ च्या मे नंतरची लँडसॅट ७ ची चित्रं घेतलीत तर काळे पट्टे दिसतील, तुमचा कॉम्प्युटर बिघडलेला नाही, सॅटेलाईटचाच एक भाग तेव्हा बंद पडला होता.

ज्वालामुखीचं थोडक्यात, हवाईच्या किलाउएयाचे लाईव्ह कॅमेरे आहेत, २०२४ च्या डिसेंबरमध्ये उद्रेक सुरू झाला तेव्हापासून लाव्ह्याचे कारंजे थांबून थांबून उडत राहिलेत. तिथली वेधशाळा १९१२ ची. मुलांना कार्टूनऐवजी लावून द्या, फक्त कारंजं चालू असेल तेव्हा, नाहीतर तासन्‌तास धूर बघावा लागतो.

आणि शेवटचं, पक्ष्यांच्या कड्या. उत्तर अमेरिकेत पक्ष्यांच्या पायात ज्या नंबरच्या कड्या घालतात त्यांचा हिशोब यूएसजीएसच्या मेरीलँडमधल्या लॅबमध्ये असतो, काम १९२० पासूनचं. तिथल्या वहीतली सगळ्यात प्रसिद्ध बाई म्हणजे विस्डम नावाची अल्बट्रॉस, मिडवे बेटावर १९५६ मध्ये कडी घातली तेव्हाच ती मोठी झालेली होती, आणि २०२४ मध्ये सत्तरी ओलांडून तिने अंडं घातलं! कडी नसती तर हे वय कोणाला कळलंच नसतं. आपल्याकडे हे काम बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) करते, ठाण्याच्या खाडीतल्या फ्लेमिंगोंचं पण. तुम्हाला इथे तलावाकाठी कडीवाला पक्षी दिसला तर कॅमेऱ्याने झूम करून नंबर टिपा, यूएसजीएसच्या लॅबच्या साईटवर फॉर्म भरा, त्या पक्ष्याला कुठे आणि कधी कडी घातली ते सांगतात आणि तुमच्या नावाचं सर्टिफिकेट पण पाठवतात. मेलेला सापडला तर कडीवरचा पूर्ण नंबर लिहून घ्या, जिवंत असेल तर पकडायला जाऊ नका.